कर्णनाद : खानदेशातील आढळ आणि उपचार

कर्णनाद : बाहेर कोणताही ध्वनी नसताना एका किंवा दोन्ही कानांत, कधी डोक्याच्या मध्यभागी, आवाज ऐकू येणे. बोलण्यात याला कान वाजणे, कानात शिट्टी वाजणे असे म्हणतात. अहिराणी बोलणारा रुग्ण ‘कानमा सू सू आवाज येस’ अशी तक्रार घेऊन येतो. कर्णनाद हा स्वतंत्र रोग नाही. श्रवणयंत्रणेत कुठेतरी फरक पडल्याचे ते लक्षण आहे आणि पुष्कळदा तो फरक नेमका कुठे पडला हे तपासण्या करूनही सापडत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कर्णनाद असतो आणि सुमारे २ टक्के लोकांमध्ये तो तीव्र असतो. प्रस्तुत नोंद जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरती आहे. कापूस, यंत्रमाग, रेल्वे आणि दारूगोळा अशा कानांवर ताण आणणाऱ्या उद्योगांवर या भागातील हजारो घरे चालतात.

स्वरूप. आवाजाचे वर्णन माणसागणिक बदलते : रातकिड्यांची किरकिर, कुकरची शिट्टी, विजेच्या तारांची गुणगुण, गिरणीची घरघर. बहुतेक रुग्णांना उंच पट्टीचा, एकसुरी आवाज ऐकू येतो. त्याची तीव्रता मोजली तर ती बहुधा ऐकण्याच्या उंबरठ्यापेक्षा थोड्याच डेसिबलनी जास्त भरते. तरीही काहींची झोप उडते, तर काहींचे कामातले लक्ष उडते. आवाज किती मोठा आहे आणि त्याचा त्रास किती होतो यांचे प्रमाण जुळत नाही, ही कर्णनादाविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. उपचाराची दिशाही तिच्यावरूनच ठरते.

पूर्ण शांतता निरोगी कानालाही मानवत नाही. अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी १९५३ मध्ये चांगले ऐकू येणाऱ्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांतील ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. कर्णनाद रात्री वाढल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर या प्रयोगात आहे. खानदेशात त्याला ऋतूचीही जोड मिळते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो आणि घरोघरी कूलर रात्रभर घरघरत असतो. त्या घरघरीत कानातला नाद बुडून जातो. दिवाळीच्या सुमारास कूलर बंद होतो, पंखाही थांबतो, खिडक्या लागतात आणि पहिल्या थंडीच्या रात्री तोच नाद अंगावर येतो. आजार एकाएकी बळावला, असा समज करून घेऊन माणूस घाबरतो. प्रत्यक्षात कानात नवीन काही बिघडलेले नसते, फक्त खोली शांत झालेली असते.

कारणमीमांसा. आंतरकर्णातील शंखिकेत बाहेरच्या केसपेशी सुमारे १२,००० आणि आतल्या सुमारे ३,५०० असतात. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा औषधांनी त्या नष्ट झाल्या की विशिष्ट पट्टीचे ध्वनिसंदेश मेंदूपर्यंत पोचणे कमी होते. तेव्हा मेंदू त्या पट्टीपुरती आपली संवेदनशीलता वाढवतो. रेडिओवर स्टेशन क्षीण लागत असताना आवाज वाढवावा आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी व्हावी, तसे हे घडते. पुढे या खरखरीला भीती चिकटते. ‘मी बहिरा होणार’, ‘डोक्यात गाठ असेल’ अशा शंका मनात आल्या की मेंदू त्या आवाजाला धोक्याची सूचना समजून त्यावर पहारा ठेवू लागतो. पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या चेताशास्त्रीय प्रतिमानाचा गाभा हाच आहे.

गोंगाट आणि खानदेशातील धंदे. कर्णनादाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत गोंगाट पहिला येतो. जळगावच्या बाबतीत याला स्थानिक पुरावा आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या (आताचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) संशोधकांनी जळगाव परिसरातील जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या) कारखान्यांत आवाजाची पातळी मोजली आणि कामगारांची श्रवणतपासणी केली. हा अभ्यास २०११ मध्ये ‘नॉइज अँड हेल्थ’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात आवाजाची पातळी नव्वदीच्या आसपासपासून शंभर डेसिबलच्या पुढपर्यंत आढळली आणि उंच पट्टीचे ऐकणे कामगारांत मोठ्या प्रमाणावर घटलेले दिसले. उंच पट्टीचे ऐकणे जाते तिथेच बहुधा कर्णनाद उभा राहतो.

जिनिंगचा हंगाम दिवाळीपासून पुढे चालतो. डबल रोलर यंत्रांच्या रांगा, सरकी वाहून नेणारे पट्टे, रुई ओढणारे पंखे आणि गठाणी बांधणारा प्रेस हे सगळे एका पत्र्याच्या छपराखाली असते. पत्रा आवाज शोषून घेत नाही, परत फेकतो. कारखान्यांच्या नियमांनुसार ९० डेसिबल आवाजात आठ तास, ९५ मध्ये चार तास, १०० मध्ये दोन आणि १०५ मध्ये एकच तास काम करण्यास मुभा आहे. शंभरीच्या वर आवाज असलेल्या छपराखाली पूर्ण पाळी करणाऱ्याच्या कानांचा हिशेब यावरून लावता येतो. हाताशी रुई भरपूर असल्याने तिचा बोळा कानात घालणे सोपे वाटते, पण कोरडी रुई आवाज फारसा अडवत नाही. फोमचा इअरप्लग बोटांत चुरगाळून, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून आत घालावा आणि तो फुगेपर्यंत धरून ठेवावा. असा नीट बसलेला प्लगच उपयोगी पडतो. त्याची किंमत काही रुपये असते. तो न मिळाल्यामुळे माणसाचे कान जावेत, ही चीड येण्याजोगी गोष्ट आहे.

याआधीच्या पिढीत जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल आणि धुळ्याच्या सूतगिरणीतील माग व चात्यांचा आवाज होता. आज धुळे शहरातील यंत्रमागांचा आहे. हे माग पुष्कळदा राहत्या घराला लागून असतात, म्हणून मागाच्या खडखडाटातून घरातल्या मुलांची आणि बायकांचीही सुटका नसते. भुसावळात रेल्वेचे लोको शेड आहे, वरणगावला छोट्या शस्त्रांची काडतुसे बनवणारा आयुधनिर्माण कारखाना आहे आणि धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ आहे. रायफलीच्या एका गोळीचा आवाज क्षणभर १५० डेसिबलच्या पुढे जातो. कानाला झालेली अशी इजा एका दिवसाच्या सरावातही कायमची ठरू शकते. डाळमिल, थ्रेशर, बिनकेबिनचा ट्रॅक्टर यांचाही वाटा आहे. लग्नसराईतील डीजेपुढे नाचून आल्यावर रात्रभर कान वाजणे ही पहिली सूचना असते. सकाळी आवाज थांबला, तरी पेशींवर ताण पडलेला असतो.

इतर कारणे. प्रत्येक वाजणाऱ्या कानामागे गोंगाट नसतो. कानात घट्ट बसलेला मळ, पावसाळ्यात होणारी बुरशी, पडद्याचे छिद्र, कानाच्या हाडांचा कडकपणा ही कारणे तपासताच सापडतात आणि बरीही होतात. वय, मधुमेह, उच्च रक्तदाब, मान-जबड्याचा ताण यांचाही संबंध येतो. औषधांत ॲस्पिरिनचे मोठे डोस, क्विनाइन, सिस्प्लॅटिन, तसेच क्षयरोगावर दीर्घकाळ वापरलेली स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, ॲमिकासिन ही इंजेक्शने कानाला बाधतात. औषधप्रतिरोधी क्षयासाठी आता तोंडाने घेण्याच्या गोळ्यांचे उपचार आले आहेत, तरी पूर्वी इंजेक्शने घेतलेल्यांचे कान आजही वाजत असतात. प्रोस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्ये वर्णन केलेल्या विकारात भोवळ, ऐकण्यात चढउतार आणि कर्णनाद एकत्र येतात.

काही लक्षणांत वाट पाहणे धोक्याचे असते. एका दिवसात किंवा रात्रीत एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब आहे. स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तर ऐकणे परत येण्याची शक्यता जास्त असते आणि दोन आठवड्यांनंतर ती झपाट्याने कमी होते. नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा नाद रक्तक्षय, थायरॉइड किंवा रक्तवाहिनीचा दोष सुचवतो. रक्तक्षय तर साध्या तपासणीत कळतो. केवळ एकाच कानात नाद आणि त्याच बाजूचे ऐकणे कमी होत गेले, तर श्रवणचेतेवरील गाठ नाही ना, हे एमआरआय करून पाहावे लागते. अशी गाठ क्वचितच निघते.

परंपरागत समज व उपाय. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील विसाव्या अध्यायात २८ कर्णरोग सांगितले आहेत. त्यांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड यांची वेगवेगळी नोंद असून दोन्हींचा संबंध वाताशी जोडलेला आहे. तेलाने कर्णपूरण करण्याची प्रथा तिथून चालत आली आहे. घरोघरी लसूण घालून कढवलेले तेल कानात टाकतात. पडदा शाबूत असेल, तर कोमट तेलाने मळ सैल होतो आणि बरे वाटते. पडद्याला छिद्र असेल, तर तेच तेल मध्यकर्णात जाऊन कान वाहू लागतो. म्हणून आतून कान पाहून घेतल्याशिवाय त्यात काही टाकू नये. बाजारात बसणाऱ्या कान कोरणाऱ्यांपुढे तर कान करूच नये. हठयोगाच्या ग्रंथांत नादानुसंधान सांगितले आहे. त्यामुळे काही भाविकांना आतला आवाज ऐकून भय वाटत नाही, उलट समाधान वाटते. आवाजाकडे पाहण्याची दृष्टी बदलली की त्रास कमी होतो, याला यातून दुजोरा मिळतो. मात्र त्यापायी श्रवणतपासणी टाळणे योग्य नाही.

तपासणी व उपचार. पहिली पायरी म्हणजे दुर्बिणीने कान पाहणे आणि २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतची श्रवणचाचणी. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि जळगावात २०१८ पासून चालू असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहेत. चोपडा, रावेर किंवा शिरपूरच्या सातपुड्याकडील गावातून इथे येणे म्हणजे रोजगाराचा एक दिवस जातो. म्हणून येताना जुनी कागदपत्रे आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या सोबत आणाव्यात.

बहुतेक रुग्णांना पहिल्याच भेटीत ‘याला उपाय नाही’ हे वाक्य ऐकायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. आवाज हमखास थांबवणारी गोळी किंवा शस्त्रक्रिया नाही, हे खरे. पण त्रास कमी करणारे उपाय आहेत आणि त्यांना चांगला पुरावा आहे. अर्धे वाक्य ऐकून बाहेर पडलेला माणूस मग जाहिरातीतल्या तेलांकडे, पुडीच्या औषधांकडे आणि महिन्याला हजारो रुपयांच्या जीवनसत्त्वांकडे वळतो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात गिंको, जस्त आणि मेलाटोनिन यांची शिफारस करू नये असे म्हटले आहे. सरसकट लिहून दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टिनचाही केवळ कर्णनादावर उपयोग सिद्ध झालेला नाही.

ऐकणे कमी झालेल्या रुग्णाला श्रवणयंत्राचा फायदा बहुधा सर्वांत आधी जाणवतो. बाहेरचे ध्वनी पुन्हा मेंदूपर्यंत पोचू लागतात आणि आतला आवाज मागे पडतो. कानाची मशीन लावली की लोक म्हातारा म्हणतील, या संकोचापायी अनेक जण वर्षानुवर्षे त्रास सोसतात. दुसरा उपाय ध्वनीचा. झोपताना टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावावा किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज हळू ठेवावा. तो कानातल्या नादापेक्षा किंचित लहानच असावा, म्हणजे मेंदू दोन्हींना सरावतो. नाद पूर्ण झाकण्यासाठी आवाज वाढवत नेणे किंवा इअरफोन घालून झोपणे अपायकारक आहे. तिसरा आणि सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय म्हणजे सीबीटी या नावाने ओळखला जाणारा मानसोपचार. तो आवाज कमी करत नाही. त्या आवाजाभोवतीची भीती, झोपेची चिंता आणि सतत कान लावून बसण्याची सवय सोडवतो. हा उपचार देणारे प्रशिक्षित लोक जिल्ह्याच्या ठिकाणीही मोजकेच भेटतात आणि ‘मला वेड लागलंय का?’ या प्रश्नामुळे तिथवर जाणारे त्याहून मोजके. मन खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर टेलि-मानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

घरच्यांची भूमिका मोठी असते. या माणसाला बोलणे ऐकू येते पण शब्द कळत नाहीत, विशेषतः लग्नाच्या मांडवात किंवा चारजण एकदम बोलत असताना. त्याच्यावर ओरडण्यापेक्षा समोर येऊन सावकाश बोलावे. रोज ‘आज आवाज कसा आहे?’ असे विचारणेही टाळावे, कारण त्यामुळे विसरलेला आवाज पुन्हा आठवतो.

कायदेशीर स्थिती. गोंगाटामुळे येणारा श्रवणदोष कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टातील अधिसूचित रोगांत समाविष्ट होता. नोंद श्रवणदोषाची होती, कर्णनादाची वेगळी नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार श्रवण दिव्यांगता ठरायला दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची हानी लागते. कर्णनाद कितीही तीव्र असला तरी त्याला या मोजपट्टीत जागा नाही. त्यामुळे केंद्र शासनाच्या एडिप योजनेतून यंत्र मिळवण्यासाठी लागणारे ४० टक्के दिव्यांगतेचे प्रमाणपत्र अशा रुग्णाला सहसा मिळत नाही. साठी ओलांडलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. हंगामी जिनिंग कामगाराची अडचण वेगळी असते : कामावर येताना त्याची श्रवणतपासणी झालेली नसेल, तर कान कुठल्या कारखान्यात गेले हे त्याला नंतर सिद्ध करता येत नाही. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी श्रवणचाचणी करून तिची प्रत कामगाराच्या हाती देणे, ही या भागातील कामगार संघटनांनी आणि कारखाना निरीक्षकांनी धरून ठेवण्याजोगी मागणी आहे.