गाठ आणि ताट

गेल्या महिन्यात सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला. गर्भाशयात फायब्रॉइड, साडेचार सेंटिमीटर. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी परत बघू." घरी येऊन आईला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "मग आता खायचं काय?"

संध्याकाळपर्यंत बातमी नात्यात फिरली. मावशीने दूध बंद करायला सांगितलं, वहिनीने सोयाबीन, काकूने रोज चमचाभर जवस. आत्या तेवढी काही बोलली नाही. याच गाठींपायी तिचं गर्भाशय अडतिसाव्या वर्षी काढलं होतं. तेव्हा "तू जेवतेस काय?" असं तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

म्हटलं बघू या तरी, हा प्रश्न वैद्यकाला पहिल्यांदा कधी पडला. वाचायला बसले आणि रात्रीचा एक वाजला.

सुरुवात चाकूपासूनच होते. १८५३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावी वॉल्टर बर्नहॅम नावाच्या डॉक्टरने अंडाशयाची गाठ समजून एका बाईचं पोट उघडलं. क्लोरोफॉर्मने तिला उलटी झाली आणि त्या जोरासरशी फायब्रॉइडने भरलेलं गर्भाशयच बाहेर आलं. परत आत बसवता येईना, म्हणून त्याने काढून टाकलं. बाई जगली! पुढे त्याने अशा आणखी शस्त्रक्रिया केल्या, त्यातल्या बहुतेक बायका मात्र वाचल्या नाहीत. जवळपास त्याच सुमाराला, १८५४ मध्ये, जर्मनीत फिरखोवने दाखवून दिलं की ही गाठ गर्भाशयाच्या स्नायूंपासूनच तयार होते. पुढे इंग्लंडमधल्या व्हिक्टर बॉनीने गर्भाशय राखून नुसत्या गाठी काढण्याचा ध्यास घेतला. त्याच्या स्वतःच्या बायकोचं गर्भाशय फायब्रॉइडमुळेच काढावं लागलं होतं आणि त्यांना मूल झालं नाही. (घरात घडल्याशिवाय डोळे उघडत नाहीत, हे सगळीकडे सारखंच दिसतंय.)

ताटाकडे नीट लक्ष गेलं ते थेट १९९९ साली, इटलीत. मिलानच्या संशोधकांनी फायब्रॉइड असलेल्या ८४३ बायकांचं खाणं नसलेल्या १५५७ जणींशी ताडून पाहिलं. गाठी असलेल्यांच्या खाण्यात गोमांस आणि हॅम जास्त, हिरव्या भाज्या, फळं आणि मासे कमी. वाचून मी जरा खूश झाले, कारण आमच्याकडे बुधवार-रविवार मासे ठरलेले! पण यात एक गोम आहे. बायकांना विचारलं ते गाठ सापडल्यानंतर. रिपोर्ट हातात आल्यावर मागचं खाणं कसं आठवतं, ते मला आता चांगलंच ठाऊक आहे.

अमेरिकेत १९९५ पासून सुमारे ५९,००० कृष्णवर्णीय बायकांचा पाठपुरावा सुरू झाला. तिथे आधी खाणं विचारलं आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहिली. या बायकांना फायब्रॉइड लवकर होतात आणि जास्त होतात. पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून जास्त जणींना. त्यात २०१० साली निघालं काय, तर दूधदुभतं जास्त घेणाऱ्यांत गाठी कमी. (मावशीला अजून सांगितलेलं नाही.) २०११ मध्ये फळांचं आलं, रोज दोनदा तरी फळं खाणाऱ्यांत धोका कमी, पण तो साधारण दहा-अकरा टक्क्यांनीच. २०१३ मध्ये आणखी एका अभ्यासात ड जीवनसत्त्व पुरेसं असलेल्या बायकांत फायब्रॉइड कमी आढळले. त्याच वर्षी इजिप्तमध्ये ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल चार महिने दिल्यावर गाठी साधारण एक तृतीयांशाने लहान झाल्या. पण बायका होत्या जेमतेम ३९, आणि हा अर्क जास्त घेतला तर यकृताला त्रास होऊ शकतो. तेव्हा तो बेत मी सोडून दिला.

बहुतेक आकडे सांगतात ते गाठ होण्याची शक्यता. झालेली गाठ डाळिंबाने नाहीतर जवसाने विरघळते, असं त्यातून निघत नाही. ती पोसली जाते ती इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनवर, म्हणून पाळी गेल्यावर बहुधा आपोआप आक्रसते. मला अजून सात-आठ वर्षं तरी आहेत.

हे सगळं आत्याला फोनवर सांगत होते. तिने मधेच थांबवलं. "ते राहू दे. तुझं हिमोग्लोबिन किती?"

९.२. मला स्वतःला ते बघायचं सुचलंच नव्हतं. रिपोर्टांच्या त्याच पिशवीत तो कागद होता. महिन्याला आठ-आठ दिवस रक्त जातंय, जिने चढताना धाप लागते, आणि मी मिलानमध्ये काय खातात ते वाचत बसले होते!

"माझं सहा झालं होतं," आत्या म्हणाली. "तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं."

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात. जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही (त्याने लोह अंगी लागत नाही), अळीव, पालेभाजी आणि वर लिंबू. दूध चालू आहे. मावशी विचारते, "सोडलंस ना?" मी विषय बदलते.