खिडकीबाहेरचे झाड

एकेकाळी मोकळी हवा हेच औषध होते. क्षयावर खात्रीचा इलाज नव्हता, तेव्हा रोग्याला डोंगरावर, माळावर नेत आणि उघड्या व्हरांड्यात झोपवत. आपल्याकडच्या जुन्या पिढीला मिरजेजवळचे वानलेसवाडीचे आरोग्यधाम आठवत असेल. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, पाठोपाठ इतर औषधे आली आणि आरोग्यधामांची गरज ओसरली. त्यांच्याबरोबर, रोग्याला झाड दिसावे, ऊन मिळावे, हा विचारही रुग्णालयांच्या नकाशांतून बराचसा पुसला गेला.

कर्करोगाच्या वाट्याला तो विचार मुळातच फारसा आला नव्हता. शस्त्रक्रिया, क्ष-किरण, रेडियम आणि पुढे रसायने, ही सारी बंद खोल्यांतली विद्या. किरणोपचाराची यंत्रे तर जाड काँक्रीटच्या भिंतींआडच ठेवावी लागतात. मग कर्करुग्णाजवळ झाड परत आले कसे, आणि ते औषध म्हणून आले की आणखी कशासाठी, हे मला शोधावेसे वाटले.

या विषयावरच्या लेखनात रॉजर उलरिच यांच्या अभ्यासाचा उल्लेख हमखास येतो. १९८४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास महत्त्वाचा खरा, पण ते रुग्ण पित्ताशयाचे होते. त्याच्या आधारे ‘झाडांमुळे कॅन्सर बरा होतो’ असे कोणी सांगू लागला, तर तिथेच थांबवावे.

कर्करोगाबाबतचा पुरावा वेगळा आहे आणि मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. बर्नाडिन सिंप्रिच या परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक. स्तनाच्या कर्करोगाचे नुकतेच निदान झालेल्या १५७ स्त्रियांचा त्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एका गटाला आठवड्यातून १२० मिनिटे निसर्गाच्या सान्निध्यात घालवायला सांगितले होते. बागकाम, झाडांखालून फेरी, पक्षी पाहणे, जे जमेल ते. मोजली गेली ती गाठ नव्हे, चित्त एकाग्र करण्याची शक्ती. त्या गटात ती अधिक सुधारलेली दिसली.

एकाग्रतेला एवढे महत्त्व का, हे मला माझ्या आईच्या आजारपणात कळले. निदानानंतर रुग्णावर निर्णयांचा मारा होतो. तपासण्या, सह्या, पैसे, गोळ्यांच्या वेळा. दोन वेळा वाचलेला कागद आई तिसऱ्यांदा मागायची. सलाइन लावायच्या खोलीला खिडकी नव्हती. सुटका झाली की वाहनतळाजवळच्या कडुनिंबाखाली दहा मिनिटे बसायचा तिचा हट्ट असे. त्या दहा मिनिटांत ती काही बोलत नसे. उठल्यावर मात्र पुढच्या तारखेबद्दल नीट विचारी.

झाडाला रुग्णालयाच्या आवारात मानाची जागा मिळवून दिली ती मॅगी केझविक जेंक्स या रुग्ण स्त्रीने. चिनी बागांवरचा तिचा ग्रंथ १९७८ मध्ये आला होता. १९८८ साली तिला स्तनाचा कर्करोग झाला. १९९३ मध्ये तो उलटला आणि एडिंबरोच्या रुग्णालयात तिला दोन-तीन महिन्यांची मुदत सांगण्यात आली. बाहेर पुढचे रुग्ण ताटकळत होते, म्हणून ती आणि तिचा नवरा खिडकी नसलेल्या बोळात येऊन बसले. नव्या उपचारांच्या आधाराने ती १९९५ च्या जुलैपर्यंत जगली. त्या काळात तिने एका जागेचा आराखडा घडवला. रुग्णालयाजवळच, पण घरासारखी. मध्ये स्वयंपाकघराचे टेबल, बाहेर बाग. आवारातल्या जुन्या तबेल्यात ते पहिले केंद्र १९९६ मध्ये उघडले. आज ब्रिटनमध्ये अशी वीसहून अधिक ‘मॅगीज’ केंद्रे आहेत. मँचेस्टरच्या केंद्रात तर काचगृहच आहे. तेथे औषधोपचार होत नाहीत. ते शेजारच्या रुग्णालयातच होतात.

याच विचाराची एक मोठी वास्तू मुंबईत काम केलेल्या, मूळ गोव्याच्या घराण्यातल्या वास्तुकाराने उभी केली. चार्ल्स कोरिया यांनी रचलेले शाम्पालिमो केंद्र लिस्बनमध्ये टॅगस नदीच्या मुखाशी आहे. ते २०१० मध्ये सुरू झाले. वास्को द गामा १४९७ मध्ये निघाला तो याच बेलेमच्या किनाऱ्यावरून. कर्करोगाचे संशोधन आणि उपचार तिथे एकाच आवारात चालतात. इमारतीच्या पोटात उष्ण कटिबंधातल्या झाडांची बाग आहे आणि आवारातून तिरपी जाणारी १२५ मीटरची वाट समुद्राच्या दिशेने चढत जाते. आकाशाला उघडी जागा हा कोरियांचा जन्मभराचा ध्यास होता. तो त्यांना इथल्या अंगणांनी आणि गच्च्यांनी दिला होता.

हा प्रवास पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे. क्षयाच्या काळात निसर्गाकडून बरे होण्याची अपेक्षा होती; औषध मिळताच त्याची गरज संपली, हे त्यामुळेच. कर्करुग्णाजवळ तो आला तो अधिक माफक काम घेऊन. थकलेल्या मनाला उसंत देणे, म्हणजे पुढचा निर्णय रुग्णाला स्वतः घेता येईल. हे काम कितीही चांगली औषधे आली तरी संपणारे नाही. मातीत हात घालण्याआधी डॉक्टरांना विचारावे लागते, कारण रसायनोपचारात प्रतिकारशक्ती खालावते. बसायला आणि पाहायला मात्र सहसा कोणी मनाई करत नाही.

प्रश्न जागेचा आहे. परळला उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेली किती कुटुंबे वर्षानुवर्षे पदपथावर दिवस काढत आली आहेत. आकाश त्यांच्याही डोक्यावर उघडेच असते, पण त्याला कोणी अंगण म्हणणार नाही. नव्या कर्करोग रुग्णालयाचा नकाशा मंजूर होताना त्यात यंत्रे किती, खाटा किती, हे पाहिले जाते. सावलीतली बाके किती, हेही त्याच बैठकीत विचारले जायला हवे.