भिंतीखालचा ओक

आर्चबिशप टॉमस बेकेटचा खून ११७० सालचा. त्यानंतर तीन-चार वर्षांतच विल्यम फिट्झस्टीफन या त्याच्या कारकुनाने धन्याचे लॅटिन चरित्र लिहिले आणि आरंभी लंडनचे वर्णन जोडले. त्यात तो जाता जाता सांगतो, की शहराच्या दक्षिणेलाही बुरुजांचा तट होता, पण थेम्सच्या भरती-ओहोटीने तो पोखरून पाडला. म्हणजे त्याच्या काळी तट उभा नव्हता, माहिती ऐकीव. शिवाय हा गृहस्थ शहराचे गोडवे गाणारा. अभ्यासक साशंक राहिले, यात नवल नाही.

१८४१ मध्ये अपर थेम्स स्ट्रीटखाली गटाराचे खोदकाम निघाले. चार्ल्स रोच स्मिथ हा पेशाने औषधविक्रेता, पण खोदकाम दिसले की तिथे हजर. त्याने नोंदवून ठेवले: तळाशी ओकच्या मेखा, त्यांवर खडू आणि दगडांचा थर, वर घडीव चिरे, सांध्यांत विटकरीची पूड घातलेला चुना. आपले गवंडी जिला सुरखी म्हणतात, तीच ही. एवढ्यावरून भिंत रोमन ठरते. पण रोमनांचा अंमल तिथे साडेतीनशेहून अधिक वर्षे होता. त्यातले शतक कोणते, हे चुना सांगत नाही.

ते लाकडाने सांगितले, तेही एका दमात नाही. १९७४-७५ मध्ये ब्लॅकफ्रायर्सजवळ हाच तट पुन्हा उघडा पडला. सुरुवातीला मेखांच्या कार्बन-चाचण्यांवरून चौथे शतक ठरले. पुढे ओकच्या वलयांची जुळणी पक्की झाल्यावर तोडीचा काळ मागे सरकला: इ. स. २५५ ते २७०. नेमके एक साल मिळत नाही, कारण सालीलगतची शेवटची वलये शाबूत नसली की किती गेली याचा अंदाजच करावा लागतो.

पश्चिमेकडच्या तुकड्यात मात्र मेखाच नाहीत. तिथली चिकणमाती घट्ट, म्हणून त्या ठोकायची गरज पडली नाही. त्या भिंतीत पन्नासहून अधिक कोरीव दगड निघाले, एका कमानीचे आणि देवतांच्या शिल्पपट्टाचे. कोरीवकामावरून मोडलेल्या वास्तूंचा काळ अंदाजता येतो. भिंत त्यानंतरची, एवढेच त्यावरून निघते. २५५-२७० हा काळ या तुकड्यालाही लावायचा, तर तो शेजारच्या मेखांच्या भरवशावर, आणि तसे लिहिताना ‘बहुधा’ हा शब्द मी गाळणार नाही.