दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस

वाचकहो, एखाद्या गवयाची मैफल रंगली, की आपण वाहवा करतो ती गवयाची. त्याच्या मागे तानपुरा घेऊन बसलेल्याचे नाव कोण विचारतो? पण तो तानपुरा मध्येच थांबू द्या, म्हणजे भल्याभल्यांनाही चुकल्यासारखे होते. फुटबॉलच्या संघातही असा एक माणूस असतो. यश आले तर ते व्यवस्थापकाचे आणि खेळाडूंचे. हा आपला बाजूला उभा, अंगावर सरावाचे कपडे, घसा बसलेला. त्याला दुय्यम प्रशिक्षक म्हणतात. आज मी तुम्हाला अशाच एका दुय्यम माणसाची हकीकत सांगणार आहे. त्याचे नाव जिमी मर्फी.

मर्फीचा जन्म 1910 सालचा, वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यातला. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. पुढे वेस्ट ब्रॉमविच या क्लबाकडून आणि वेल्सच्या राष्ट्रीय संघातून तो मधल्या फळीत खेळला. मग दुसरे महायुद्ध आले आणि खेळाडू म्हणून त्याचे दिवस संपले. युद्धाच्या अखेरीस, 1945 साली, तो इटलीतल्या बारी शहरी सैनिकांना फुटबॉलचे धडे देत होता. त्याचे ते बोलणे मॅट बस्बी या स्कॉटिश गृहस्थाच्या कानी पडले. बस्बीची नेमणूक नुकतीच मँचेस्टर युनायटेडचा व्यवस्थापक म्हणून झाली होती. बोलण्यातली तळमळ त्याने ओळखली आणि तिथल्या तिथे मर्फीला आपल्याबरोबर यायचे आमंत्रण दिले.

तुम्ही म्हणाल, वा! केवढ्या मोठ्या क्लबाचे बोलावणे! पण तेव्हाचे मँचेस्टर युनायटेड म्हणजे पडके घर होते. 1941 च्या बाँबहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाची दुर्दशा झालेली, क्लब कर्जात, आणि सामने खेळायचे ते शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मैदानावर! स्वतःच्या मैदानावर परतायला 1949 साल उजाडावे लागले.

दोघांनी कामाची वाटणी केली. बस्बी शांत, मोजके बोलणारा. शेवटचा निर्णय त्याचा. मर्फी तापट आणि तोंडाचा फटकळ, पण मुलांमध्ये रमणारा. राखीव संघ आणि पोरसवदा खेळाडू त्याच्या ताब्यात. असे सांगतात, की राखीव संघाने विजेतेपद मिळवले, तेव्हा बस्बीने विचारले, यातले पहिल्या संघात घेण्याजोगे किती? मर्फीने स्पष्ट सांगितले, एकही नाही. साहेबाला गोड वाटेल ते सांगणारे पुष्कळ मिळतात. खरे सांगणारा दुय्यम मिळायला भाग्य लागते. मग दोघांनी शाळकरी मुले हेरून त्यांना घडवायचे ठरवले. बॉबी चार्लटन, डंकन एडवर्ड्स हे त्याच तालमीत तयार झाले. तरुणांचा एफ. ए. यूथ कप 1953 पासून सलग पाच वर्षे या क्लबानेच नेला, आणि 1956 व 1957 साली इंग्लंडची लीगही जिंकली.

आणि मग 6 फेब्रुवारी 1958 चा तो काळा दिवस आला. बेलग्रेडहून परतताना म्युनिकच्या धावपट्टीवर संघाचे विमान कोसळले. 23 माणसे दगावली. त्यांत आठ खेळाडू होते. बस्बी मृत्यूशी झुंजत होता. मर्फी विमानात नव्हता, कारण तो वेल्सच्या संघाचाही व्यवस्थापक होता आणि आदल्याच दिवशी कार्डिफला इस्राएलशी त्यांचा सामना होता. त्याचा सहकारी प्रशिक्षक बर्ट व्हॅली मात्र विमानात होता, आणि तो गेला.

मर्फी सामना जिंकून मँचेस्टरला आला, तेव्हा कचेरीतल्या बाईंनी त्याला ही बातमी सांगितली. तो खोलीत जाऊन एकटा रडला. दुसऱ्या दिवशी म्युनिकला गेला. इस्पितळात, प्राणवायूच्या तंबूखालून, बस्बी त्याला एवढेच पुटपुटला, की निशाण खाली येऊ देऊ नकोस.

वाचकहो, या वाक्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मुलासारखी वाढवलेली पोरे गेली, सहकारी गेला, क्लबाचा चिटणीस गेला, आणि तेरा दिवसांनी कपचा सामना! क्लब बंद करावा, असेही काही जण बोलू लागले. मर्फीने काय केले? बचावलेले हॅरी ग्रेग आणि बिल फोक्स यांना विमानाने नव्हे, तर आगगाडी आणि बोटीने घरी आणले. सांत्वनाच्या गर्दीपासून दूर म्हणून खेळाडूंना समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला नेले. ठेंगणा पण मुरब्बी अर्नी टेलर याला आठ हजार पौंडांना विकत घेतले. स्टॅन क्राउदर याचा करार तर सामन्याला जेमतेम तासभर उरला असताना झाला. तो त्याच मोसमात दुसऱ्या क्लबाकडून कपमध्ये खेळला होता, तरी फुटबॉल असोसिएशनने नियम शिथिल केला. बिशप ऑकलंड या हौशी संघाचे गडीही मदतीला धावले.

19 फेब्रुवारीला शेफील्ड वेन्सडेशी सामना झाला. कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या अकरा नावांच्या जागा कोऱ्याच छापल्या होत्या! शे ब्रेनन नावाच्या वीस वर्षांच्या पोराने पहिल्याच सामन्यात दोन गोल केले, आणि युनायटेड 3-0 ने जिंकले.

म्हणजे सगळे सुरळीत झाले असे नाही, बरं का. त्यानंतर लीगच्या 14 सामन्यांत जय मिळाला तो एकच. पण कपमध्ये हा जोडाजोडीचा संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. 3 मे रोजी वेम्बलीवर बोल्टनने त्यांना 2-0 ने हरवले. काठी टेकत आलेला बस्बी तो सामना पाहत होता. जूनमध्ये मर्फीने वेल्सला स्वीडनमधल्या विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत नेले. तिथे सतरा वर्षांच्या पेलेच्या एका गोलाने त्यांचा पराभव झाला.

आता खरी कसोटी पुढेच आहे. सारे इंग्लंड मर्फीचे नाव घेत होते. हवे असते तर मोठ्या क्लबाची पहिली खुर्ची त्याला सहज मिळाली असती. पण बस्बी बरा होऊन कामावर परतला, तेव्हा मर्फीने खुर्ची शांतपणे परत केली आणि तो पुन्हा आपल्या पोरांकडे मैदानावर गेला. संकटात खुर्ची सांभाळणारे मिळतात. संकट टळल्यावर ती सोडणारे थोडे.

दहा वर्षांनी, 29 मे 1968 रोजी, युनायटेडने बेनफिकाला 4-1 ने हरवून युरोपियन कप जिंकला. त्या अकरांत फोक्स होता, चार्लटन होता आणि शे ब्रेननही होता. इतर बरेच जण क्लबाच्याच तरुण संघातून वर आलेले. चषकाबरोबर चित्रे निघाली ती अर्थातच बस्बीची आणि खेळाडूंची.

मर्फी 1989 साली वारला. ओल्ड ट्रॅफर्डला त्याचा पुतळा उभा राहिला तो 2023 साली. उशीर झाला खरा. पण विचार करा, ज्या माणसाने निशाण दुसऱ्याचे म्हणून धरले आणि ज्याचे त्याला परत दिले, त्याला पुतळ्याची घाई कशाला असणार? तुमच्या कारखान्यात, शाळेत, कचेरीत असा एखादा माणूस दुसऱ्या खुर्चीवर बसलेला असेल. त्याच्याकडे एकदा नीट पाहा. घर उभे आहे ते कदाचित त्याच्याच आधारावर.