एमिलचा बाप

'दो कलियां' आठवतोय? १९६८ चा, नीतू सिंग बेबी सोनिया होती तेव्हाचा, डबल रोलवाला. ती गोष्ट आली १९६१ च्या डिस्नेच्या 'द पेरेंट ट्रॅप'वरून, आणि तो आला १९४९ च्या एका जर्मन बालकादंबरीवरून. लेखक एरिक केस्टनर.

हा ड्रेस्डेनचा, जन्म १८९९. १९२९ साली त्याने 'एमिल आणि गुप्तहेर' लिहिलं. ट्रेनमध्ये एमिलचे पैसे चोरीला जातात आणि बर्लिनची पोरंटोरं चोराच्या मागे लागतात. परी नाही, राजवाडा नाही, चक्क शहरातला रस्ता! पुस्तक तुफान चाललं. १९३१ साली सिनेमाही निघाला, पटकथा बिली वाइल्डरची.

मग नाझी आले. १० मे १९३३ ला बर्लिनच्या चौकात पुस्तकांची होळी झाली. मोठ्यांसाठी लिहिलेली आपली पुस्तकं जळताना केस्टनर गर्दीत उभा राहून बघत होता. कुणीतरी त्याला ओळखलं, नावाने ओरडलं, तसा तो तिथून सटकला. एमिलला मात्र त्या दिवशी हात लावला नाही. इतका लाडका होता तो!

बाकीचे लेखक देश सोडून गेले. त्याचा चित्रकार वॉल्टर ट्रायर ज्यू, तोही १९३६ साली लंडनला गेला. केस्टनर राहिला. एक कारण आई. दुसरं त्याने स्वतः दिलेलं: हे सगळं बघायला कुणीतरी हवं. गेस्टापोने दोनदा पकडलं, तरी हलला नाही. पण ह्याच माणसाने टोपणनावाने गोबेल्सच्या राजवटीतल्या 'म्युनशहाउजेन' ह्या बिग बजेट सिनेमाची पटकथाही लिहिली. पोटासाठी म्हणा, किंवा काहीही म्हणा. घरी बसून त्याला नावं ठेवणं मला जमत नाही. पण 'साक्षीदार' हे उत्तरही पूर्ण पटत नाही, कारण त्या बारा वर्षांवरची मोठी कादंबरी शेवटपर्यंत आलीच नाही. १९६१ साली आली ती फक्त १९४५ ची डायरी. १९७४ साली तो गेला.

आणि सिनेमातली ती पोरं? एमिल झालेल्या रॉल्फ वेंकहाउसचं विमान १९४२ साली पाडलं गेलं. छोटा 'मंगळवार' झालेला हान्स ल्योर त्याच वर्षी रशियन आघाडीवर मेला. केस्टनरची त्याच्याशी चांगली दोस्ती होती. निदान ह्या दोघांवर तरी त्याने एक पुस्तक लिहायला हवं होतं.