बंदूक, फासे आणि दुर्बीण

दिवाळीच्या दिवसांत सकाळी अंगणात नजर टाकली की ओलसर जागेवर एक सडपातळ पाखरू शेपटी सारखी खालीवर करीत तुरुतुरु पळताना दिसते. नदीकाठच्या दगडावर धुणे आपटणाऱ्या परटाची आठवण व्हावी अशी ती शेपटीची हालचाल. म्हणून आपल्या लोकांनी त्याचे नाव धोबी ठेवले. दसऱ्याच्या आगेमागे हा पाहुणा हिमालयातून आणि हिमालयाच्याही पलीकडून येतो आणि उन्हाळा चढू लागला की निघून जातो. यवतमाळ जिल्ह्यातील महागावच्या नाल्याकाठी तो जसा दिसतो तसाच मुंबईच्या मैदानावरही दिसतो. भाऊबीजेला घरी आलेल्या पाहुण्याची आपण कोठून आलात, केव्हा निघालात, प्रवास कसा झाला अशी चौकशी करतो. या दूरच्या पाहुण्याचीही तशी चौकशी करावी, चार जणांना बरोबर घेऊन त्याला पाहावयास जावे आणि पाहिलेले लिहून ठेवावे, असे माणसाला केव्हा वाटू लागले? त्याचा इतिहास मौजेचा आहे, आणि थोडा विचार करावयास लावणाराही आहे.

आपले पूर्वज पाखरांकडे पाहत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. मृगाच्या तोंडावर पावशा ओरडू लागला की त्याच्या सुरात शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ हीच हाक ऐकू येई. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की खोलगट जागी, यावरून पावसाचा अंदाज बांधणारी म्हातारी माणसे आजही विदर्भातल्या खेड्यांत भेटतात. दसऱ्याला नीळकंठाचे, म्हणजे चास पक्ष्याचे, दर्शन शुभ; रात्री घराजवळ पिंगळा ओरडला तर मन धास्तावणार. परंतु हे सारे पाहणे स्वतःसाठी होते. पाखरू आपल्याला काय सांगते, हा प्रश्न होता; पाखरू स्वतः कसे जगते, हा नव्हता.

तो दुसरा प्रश्न आपल्याकडे शास्त्रीय रीतीने विचारला जाऊ लागला तो बंदुकीच्या नळीतून. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोन आपले डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि डॉ. सखाराम अर्जुन. बाकीची बहुतेक मंडळी शिकारीची आणि निसर्गाची हौस असलेली युरोपियन होती. एकमेकांना आपापले नमुने दाखवावेत आणि अनुभव सांगावेत, एवढाच त्यांचा आरंभीचा बेत. १८८६ पासून सोसायटीचे नियतकालिक निघू लागले आणि त्या गप्पांना शास्त्राचे रूप आले.

त्या काळी पक्षी ओळखावयाचा म्हणजे आधी तो मारावयाचा. चांगल्या दुर्बिणी नव्हत्या, खिशात मावेल असे सचित्र पुस्तक नव्हते. कातडे सोलावे, पेंढा भरावा, चिठ्ठी बांधावी आणि कपाटात ठेवावे, ही रीत. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम या विद्येतले मोठे नाव. देशभरातले अधिकारी त्यांना पक्षी धाडीत. पुढे सिमल्यात त्यांच्या लेखनाची बाडे नोकराने रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकली. वर्षांची मेहनत पुड्या बांधण्याच्या कामी गेली. हताश झालेल्या ह्यूमने आपला अफाट संग्रह १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

या ह्यूमने १८७३ मध्ये एका लहानशा घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले. ब्लूइट नावाच्या अधिकाऱ्याला ते आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळाले होते. हाच आपला रानपिंगळा. पुढे खानदेशात कलेक्टर डेव्हिडसन यांनी त्याचे काही नमुने मिळविले, शेवटचा १८८४ साली. त्यानंतर हा पक्षी जणू पृथ्वीच्या पोटात गडप झाला. मध्यंतरी मायनर्ट्‌झहागेन या इंग्रज कर्नलाच्या संग्रहात १९१४ सालचा, गुजरातेतला म्हणून, एक नमुना होता. पण तो चोरीचा आणि चिठ्ठी खोटी, हे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने पुढे उघडकीस आणले. खोटा पत्ता बाजूस सारून खऱ्या जुन्या चिठ्ठ्यांवरील गावांचा माग काढीत ती आणि तिचे दोन साथी सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! नंतर तो मेळघाटातही सापडला. जुन्या चिठ्ठीवरची एक प्रामाणिक ओळ शंभर वर्षांनी काय करू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

बंदूक खाली ठेवण्याची कल्पना अमेरिकेत एका सणाच्या दिवशी निघाली. तेथे नाताळात दोन तट पाडून कोण अधिक प्राणी-पक्षी मारतो याची चढाओढ लावण्याची चाल होती. फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने सुचविले की, या वर्षी मारू नका, मोजा. २५ डिसेंबर १९०० रोजी सत्तावीस माणसांनी आपापल्या गावी पक्षी मोजले. तेव्हापासून ही नाताळची मोजणी कधी थांबली नाही. सणाला काहीतरी मारण्याऐवजी काहीतरी मोजावे, ही कल्पना साधी होती. परंतु तिने हौशी माणसाला शास्त्राच्या ओसरीवर बसावयास जागा दिली.

आपल्याकडे हे वळण ज्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते ते डॉ. सलीम अली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. मामांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने पोरवयात त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, म्हणून मामांनी त्यांना सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डनी पोराला हाकलून न देता ओळीने कपाटे उघडून दाखविली. एका मोठ्या माणसाने एका मुलासाठी घालविलेला तो तासभर पुढे देशाच्या उपयोगी पडला.

१९२६ साली सलीम अलींना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरी मिळाली ती मार्गदर्शक व्याख्यात्याची. शाळेतल्या मुलांना आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना पेंढा भरलेले प्राणी दाखवावेत आणि त्यांची माहिती सांगावी, हे काम. मेलेल्या पक्ष्यांविषयी जिवंतपणे बोलण्याची कला त्यांना तेथे साधली. पुढे ते अधिक शिक्षणासाठी बर्लिनला गेले. परत येतात तो पैशांअभावी जागाच रद्द झालेली. बेकार झालेला हा माणूस पत्नीसह अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिला. घरालगत सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. १९३० च्या पावसाळ्यात ते रोज तिच्यासमोर ठाण मांडून बसले, आणि त्यांना जे दिसले त्याने जुनी समजूत पालटली. आपल्या ओव्यांनी घरटे विणण्याचे श्रेय सुगरणीला दिले आहे. विणतो मात्र नर. घरटे अर्धे झाले की मादी येऊन पाहणी करते. पसंत पडले तर संसार मांडते. नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे घरटे, दुसऱ्या मादीसाठी, विणावयास घेतो! एकही गोळी न झाडता, केवळ बसून पाहिल्याने, हे कळले.

पुढच्याच वर्षी, १९३१ साली, निजामाच्या हैदराबाद राज्यातील पक्ष्यांची पाहणी त्यांनी हाती घेतली. त्या राज्याची एक सीमा म्हणजे आपली पैनगंगा. अलीकडे वऱ्हाड, त्यात १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून यवतमाळला जोडलेला पुसद तालुका आणि त्याच तालुक्यातले तेव्हाचे महागाव; पलीकडे निजामाचा मुलूख. नकाशावर नदी ही सरहद्द होती; नदीवरच्या पाणकावळ्यांना ती कधीच ठाऊक नव्हती. १९४१ मध्ये सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले, आणि ज्याच्याजवळ ते पुस्तक व एखादी जुनीपुराणी दुर्बीण आहे अशा कोणाही माणसाला पक्षिनिरीक्षक होण्याची मुभा मिळाली. १९६० च्या सुमारास झफर फत्तेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी एक छोटेसे मासिक पत्र सुरू केले. गावोगावचे डॉक्टर, शिक्षक, रेल्वेतले नोकर त्यात आपल्या नोंदी धाडू लागले. परंतु हा सारा व्यवहार इंग्रजीत होता.

तो मराठीत आणण्याचे काम दोन वाटांनी झाले. १९८१ साली लोणावळ्याला पहिले पक्षिमित्र संमेलन भरले; पुढे ही संमेलने ठिकठिकाणी भरू लागली. पहाटे फेरी, दुपारी व्याख्याने, रात्री पडद्यावर चित्रे असा त्यांचा थाट. साहित्य संमेलनाची सवय असलेल्या आपल्या समाजाला हा प्रकार चटकन मानवला. दुसरी वाट मारुती चितमपल्लींच्या लेखणीची. ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत आयुष्य घालविले. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्यांपासून गोंड-कोरकूंपर्यंत ज्याच्यापाशी पाखराचे नाव होते, त्याच्यापाशी ते शिकावयास बसले. त्यांच्या पक्षिकोशामुळे अनेक पक्ष्यांना मराठीत घर मिळाले. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांचा आणि सलीम अलींचा जन्मदिवस आठवड्याच्या अंतराने येतो, म्हणून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह साजरा करण्याची प्रथा पक्षिमित्रांनी पाडली, आणि २०२० पासून राज्य शासनाने ती अधिकृत केली. बहुधा दिवाळीच्या आसपासच हा आठवडा पडतो, ही मोठी सोय!

या इतिहासात एक माणूस मात्र उभा राहिला तो दाराबाहेरच. यवतमाळ, वाशीम, अकोल्याच्या माळांवर फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या तित्तिर आणि लावे धरीत आला. शिकविलेल्या गाईच्या आडोशाने पाखराच्या जवळ कसे जावे, तित्तिराला तित्तिराच्याच आवाजात कसे बोलावावे, हे त्याला कोणत्याही प्राध्यापकाहून अधिक कळे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या अनेक जमातींच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ साली पुसला गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाखरांना अभय मिळाले, ते मिळावयासच हवे होते. परंतु ज्याची विद्याच फासे टाकण्याची, त्याने पोट कशावर भरावे, याचा विचार फारच थोड्यांनी केला. आणि विद्या तर तीच आहे! सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याचे काम हाती घेतले तेव्हा बिहारच्या मीरशिकार जमातीतले अली हुसेन यांना बोलाविले. पाखराला इजा न करता धरण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. पकडण्याचे कसब सोडण्याच्या कामी आले. अकोला-वाशीम भागात तणमोराच्या रक्षणाच्या कामात फासेपारध्यांना सहभागी करून घेण्याचे प्रयत्नही याच मार्गाने झाले. पक्षिफेरीला वाटाड्या हवा असेल तर तो शहरातूनच आणावा लागतो असे नाही.

आता कोणी विचारील की, महागावसारख्या कापसाच्या मुलखात या फेऱ्यांचे आणि व्याख्यानांचे काय काम? उत्तर शेतातच उभे आहे. तारेवर बसलेला काळा कोतवाल दिवसभर किडे टिपतो. तूर, हरभरा, कपाशीत ‘T’ च्या आकाराचे पक्षिथांबे उभारा, पाखरे त्यांवर बसून अळ्या खातील, हा सल्ला कृषिखाते आणि कृषी विद्यापीठे किती वर्षे देत आली आहेत. तरीही फवारणी वाढतच गेली, आणि २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. केवळ पाखरांनी कीड आटोक्यात राहते असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु कोणते पाखरू दाणे खाते आणि कोणते अळी, एवढे जरी मुलाला फेरीत कळले तरी तो घरी जाऊन बापाशी निराळे बोलेल.

आणि मोजणीचे मोल गिधाडांनी दाखवून दिले. भरतपूरला १९८० च्या दशकात त्यांची मोजदाद झालेली होती. म्हणूनच नव्वदच्या दशकाअखेर सोसायटीचे विभू प्रकाश यांना पुन्हा मोजताना ती झपाट्याने नाहीशी होत असल्याचे उमगले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यांचा काळ ठरले होते. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. आधीची यादी नसती तर ‘पूर्वी गिधाडे फार असत हो’, एवढेच म्हणत आपण बसलो असतो.

तेव्हा या दिवाळीत फराळ झाल्यावर एखाद्या सकाळी मुलांना घेऊन निघावे. महागाव तालुक्यात हिवऱ्याला पूस नदी पैनगंगेला मिळते. पुढे उमरखेडच्या बाजूला तीन अंगांनी नदीचा वेढा पडलेले पैनगंगा अभयारण्य आहे, आणि वरच्या अंगाला इसापूरचा विस्तीर्ण जलाशय. सूर्य वर येण्याआधी पोचावे, भडक कपडे घालू नयेत, मोठ्याने बोलू नये, घरट्यापाशी जाऊ नये. दुर्बीण नसली तरी अडत नाही. वही आणि पेन्सिल मात्र हवी. तारीख, ठिकाण, वेळ, पाखरू आणि त्यांची संख्या. नाव ठाऊक नसेल तर रंग, चोच आणि चाल लिहावी, आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला, एखाद्या पारधीबाबाला विचारावे. त्याने सांगितलेले नावही तारखेसह त्याच वहीत उतरवून ठेवावे. डेव्हिडसनची चिठ्ठी ११३ वर्षांनी वाचणारे कोणी निघाले; मुलांच्या वहीलाही पुढे वाचक मिळेल.