सातबारा, संगणकीकृत

शेतजमिनीच्या गाव नमुना ७ व १२ यांचा अंकीय दस्तऐवज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ठेवल्या जाणाऱ्या अधिकार अभिलेखाचा तो भाग आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या १२ तालुक्यांत नोंदी ई-फेरफार प्रणालीत होतात.

प्रणालीचा पाया जमाखर्चासारख्या ताळमेळाचा : खातेदारांचे क्षेत्र व पोटखराबा (लागवडीस अयोग्य क्षेत्र) यांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राएवढीच भरावी लागते. १ हेक्टर म्हणजे १०० आर. जुनी नोंद पुसली जात नाही. तिला कंस होऊन नव्या फेरफाराचा (हक्कबदलाच्या नोंदीचा) क्रमांक जोडला जातो, त्यामुळे मालकीचा माग लागतो. तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. 

उताऱ्यावरील अंकीय स्वाक्षरीत मजकुराचा गणिती ठसा खासगी किल्लीने सांकेतिक केला जातो. पुढे एक अक्षर बदलले तरी पडताळणी फसते. या स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ची मान्यता आहे. अशी स्वाक्षरी असलेला उतारा राज्यात २०१८ पासून मिळतो.

मात्र स्वाक्षरी अखंडता सिद्ध करते, नोंदीची सत्यता नव्हे. म्हणून नोंद खरी राहावी यासाठी वारसनोंद व वाटणी वेळेवर करणे शेतकऱ्याच्या हिताचे ठरते.